हँडल रायझर बसवताना : ठाणे-नवी मुंबईच्या दुचाकीस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडने माजिवड्याला, ऐरोली पुलावरून महापेला, कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्याला. आपल्या भागात रोज तास-दोन तास दुचाकीवर काढणारे खूप आहेत. पाठ किंवा मनगट धरलं की कुणीतरी सांगतंच, "रायझर टाक, बरं वाटेल." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. रायझर हा हँडल उंच करणारा ॲल्युमिनियमचा छोटासा तुकडा असला, तरी त्याच्यासोबत क्लचची वायर, ॲक्सिलरेटरची वायर, पुढच्या ब्रेकची नळी आणि हँडलवरच्या स्विचचं वायरिंग, सगळंच वर ओढलं जातं. ते नीट पाहिलं नाही, तर आरामासाठी केलेलं काम धोक्याचं होतं. म्हणून इथे रायझरपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

रायझर नेमका कुठे बसतो आणि काय करतो?

दोन्ही फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, वर ज्या प्लेटमध्ये पकडलेले असतात, तिच्यावर हँडल धरणारे दोन क्लँप असतात. त्या क्लँपच्या खाली, किंवा काही प्रकारांत क्लँपच्याच जागी, रायझर बसतो. हँडल तेच राहतं, फक्त त्याची जागा बदलते.

तीन प्रकार बाजारात दिसतात. पहिला साधा ठोकळा, जो क्लँपखाली जातो आणि ज्याला लांब बोल्ट लागतात. दुसरा उंच क्लँप, जो मूळ क्लँप काढून लावायचा. तिसरा ठोकळा हँडल वर नेतो आणि शिवाय मागे, म्हणजे तुमच्या दिशेने, सरकवतो.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. साधा ठोकळासुद्धा हँडल थोडं मागे आणतोच. फोर्क सरळ उभे नसतात, ते मागे कललेले असतात आणि ठोकळा त्याच कलत्या रेषेत बसतो. फोर्कचा कल २६ अंश धरला, तर २५ मिलिमीटरचा रायझर हँडल साधारण २२ मिलिमीटर वर आणि ११ मिलिमीटर मागे नेतो. एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटतं, पण कोपर किंचित वाकायला आणि खांदे खाली यायला अनेकदा तेवढंच पुरतं.

माझी पाठ दुखते. रायझरने थांबेल का?

कुठे दुखतं त्यावर ते अवलंबून आहे.

मनगटावर भार येत असेल, तळहाताची गादी दुखत असेल, मानेच्या मागे आणि दोन खांद्यांच्या मधे ताण येत असेल, तर तुम्ही पुढे झुकून हातांवर वजन टाकताय. अशा वेळी रायझर उपयोगी पडण्याची शक्यता चांगली आहे. दुखणं कमरेच्या अगदी खाली, माकडहाडापाशी असेल, तर गोष्ट उलटी आहे. तुम्ही आधीच ताठ बसताय आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ मणक्यात जातोय. हँडल आणखी वर घेतलं तर हातांवर उरलेला थोडा भारही बुडाकडे जाईल आणि दुखणं वाढेल. बुलेट किंवा क्लासिकसारख्या सरळ बसायच्या गाडीवर रायझर लावून काही फरक पडला नाही असं सांगणारे बहुतेक याच गटातले असतात. त्यांनी आधी सीटचा फोम आणि मागचे शॉकअप पाहावेत.

सीटकडे आणखी एका कारणासाठी पाहा. सीट पुढे उतरती असेल तर शरीर टाकीकडे घसरत राहतं आणि ते थोपवायला हात सतत जोर लावतात. लोक याला हँडलचा दोष समजतात. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीच दिलेला दाब, उगाच वाढवून ठेवला असेल तरी असंच होतं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबल्यावर दर वेळी मागे सरकून बसावं लागत असेल, तर रायझरच्या आधी सीट दुरुस्त करा.

दुखणं पायात उतरत असेल, किंवा गाडी चालवत नसतानाही राहत असेल, तर आधी डॉक्टर. त्यावर कुठलाही पार्ट इलाज नाही.

पैसे न घालता काही करता येतं का?

येतं, आणि रायझर मागवण्याआधी ते करून बघा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हँडल धरणारे बोल्ट थोडे सैल करा आणि हँडल आपल्याकडे किंवा पुढे अगदी थोडं फिरवा. बहुतेक हँडलांवर कंपनीची एक खूण असते. तिथून चार-पाच मिलिमीटर हलवलं तरी मुठी किती सरकतात ते पाहून आश्चर्य वाटेल. मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर पुन्हा जुळवा. सीटवर नेहमीसारखं बसून हात पुढे करा, बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे. लिव्हर फार वर असतील तर मनगट मागे मुडपतं आणि ऐरोली टोल नाक्याच्या रांगेत अर्धा तास क्लच दाबताना तेच मनगट तुटायला येतं. कितीतरी जणांचा त्रास एवढ्यावरच थांबतो.

किती उंचीचा घ्यावा?

अंदाजाने मागवू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन माणसं मदतीला घ्या. एकाने गाडी सरळ धरायची. तुम्ही हेल्मेट आणि रोजचे बूट घालून बसा, गुडघे टाकीला लावा, डोळे मिटा आणि हात सैल सोडून पुढे आणा, जणू हँडल धरताय. हात जिथे थांबतील तिथे दुसऱ्या माणसाने प्लंबिंगच्या पाइपचा एक तुकडा आडवा धरायचा. मग तो पाइप आणि हँडल यांतलं अंतर मोजायचं: किती वर, किती मागे. तीन-चार वेळा करा. आकडे जवळपास सारखे आले की तेच तुमचं माप.

बहुतेकांचं माप २० ते ३० मिलिमीटरमध्ये येतं. ५० मिलिमीटर आलं, तर एक तर गाडी तुमच्या अंगकाठीची नाही किंवा तुम्हाला रायझर नव्हे, वेगळं हँडल हवं आहे. साधारण ३० च्या पुढे गेलं की मूळ वायरी आणि नळी पुरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

हँडल फार वर गेल्याची खूण म्हणजे खांदे कानांकडे चढतात. दहा मिनिटांत जाणवत नाही, पनवेलपर्यंत गेलात की जाणवतं. पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर छातीवर वारा घेत बसल्यामुळे हात हँडलला लोंबकळायला लागतात आणि मान वेगळ्याच कारणाने दुखते.

माझी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. रायझर फक्त उंच लोकांसाठी असतो ना?

नाही. कमी उंचीच्या चालकाला हँडल वर येण्यापेक्षा जवळ येण्याची गरज जास्त असते. पूर्ण वळण घेताना बाहेरचा हात ताणला जात असेल, पाठ सीटवरून उचलावी लागत असेल, तर मागे सरकवणारा प्रकार घ्या. उंची कमीत कमी ठेवा. मात्र हँडल मागे आलं की टाकीशी त्याचं अंतर कमी होतं. पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा चेंगरत नाही ना, हे नक्की तपासा.

माझ्या गाडीला बसेल का?

आधी हँडल एक अखंड नळी आहे का ते पाहा. यामाहा आर१५, केटीएम आरसी, अपाचे आरआर ३१०, कॉन्टिनेंटल जीटी अशा गाड्यांना दोन बाजूंना दोन वेगळे तुकडे असतात, ज्यांना क्लिप-ऑन म्हणतात. त्यांवर हे ठोकळे बसत नाहीत. त्या त्या मॉडेलसाठी वेगळे किट असतात आणि त्यांचं गणितही वेगळं.

अखंड हँडल असेल तर क्लँपजवळची जाडी व्हर्नियरने मोजा. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांची २२ मिलिमीटर असते. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांचं हँडल मधे जाड आणि टोकांना बारीक असतं, मधली जाडी २८.६ मिलिमीटर. साध्या ठोकळ्याला या जाडीचा फरक पडत नाही, पण उंच क्लँपच्या प्रकारात चुकीचं माप घेतलं तर ते निव्वळ निरुपयोगी. २८.६ च्या क्लँपमध्ये पत्र्याची पट्टी घालून २२ चं हँडल बसवून देणारे भेटतात. त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर आणि बोल्टची जाडी, सहसा आठ मिलिमीटर, हेही जुळायला हवं. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं पाकिटावर लिहिलं असेल तर मोजपट्टी घेऊनच दुकानात जा.

स्कूटरला?

नाही. स्कूटरचं हँडल आणि खालचा दांडा यांची रचनाच वेगळी असते. वेल्डिंग करून उंच करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघून या.

वायरी पुरतील की नाही, हे कसं ओळखायचं?

या पानावरचा हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रायझर बसवल्यावर, बोल्ट पूर्ण घट्ट करण्याआधी, हँडल डावीकडे अगदी शेवटपर्यंत वळवा, मग उजवीकडे. दोन्ही टोकांना प्रत्येक वायर आणि नळी हाताने चाचपा. ती बोटाने थोडी तरी हलली पाहिजे. तारेसारखी ताठ लागली तर ती पुरत नाही, विषय संपला. "चालवता चालवता सैल होईल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती सैल होत नाही, तुटते.

आता एकेकीकडे पाहू. ॲक्सिलरेटरची वायर ताणली गेली तर हँडल वळवताच इंजिनाचा वेग आपोआप वाढतो. विचार करा, खारघरच्या एखाद्या चौकात यू-टर्न घेताय, पाय जमिनीला टेकवायच्या बेतात, आणि गाडी स्वतःहून पुढे झेपावते. तपासायला सोपं आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आवाज जराही बदलता कामा नये. ॲक्सिलरेटर पिरगाळून सोडला की दोन्ही टोकांना खटकन मागे आला पाहिजे.

क्लचची वायर ताणली गेली तर लिव्हरचा प्ले संपतो. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, प्लेटा घसरतात, जळतात, आणि चढावर गाडी ओढत नाही. गायमुखच्या घाटात गाडी रडायला लागली की लोक इंजिनाला दोष देतात. वायरीला दोन्हीकडे ॲडजस्टर असतो, त्यावर थोडं मिळतं. पण ॲडजस्टर शेवटच्या आट्यापर्यंत सोडून मिळवलेली लांबी खरी लांबी नव्हे.

सगळ्यांत फसवं असतं ते वायरिंग. ते लगेच तुटत नाही. रोज पार्किंगमधून गाडी काढताना पूर्ण वळवलं की आतली तांब्याची तार थोडी थोडी झिजते. काही महिन्यांनी हॉर्न कधी वाजतो, कधी नाही, सेल्फ कधी लागतो, कधी नाही, आणि कुणाला रायझरची आठवणही राहिलेली नसते. हेडलाइटच्या मागे वायरिंगला जिथे चिमटे आणि प्लास्टिकचे पट्टे असतात तिथले एक-दोन सोडून थोडी मोकळीक मिळते का पाहा. अनेक गाड्यांत वायरींचा मार्ग बदलून, म्हणजे फोर्कच्या बाहेरून जाणारी आतून नेऊन, गरजेपुरती लांबी मिळते. मात्र नव्या मार्गात ती कुठे चेंगरत नाही आणि फोर्क दबला की अडकत नाही, हे पाहायलाच हवं.

ब्रेकची नळी कमी पडली तर?

लांब नळी घ्या. ताणलेल्या नळीने एक दिवसही गाडी चालवू नका.

नळी बदलली की जोडाचे वॉशर नवे, डिस्क ऑइल नवं, आणि सिस्टीममधली हवा पूर्ण काढलेली, हे तिन्ही हवं. ऑइल कुठलं ते हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, सहसा डॉट ४. ते रंग खातं, म्हणून टाकीवर थेंब पडला तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्या गाडीला ते असण्याची शक्यता मोठी. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती नेहमीच्या पद्धतीने निघेलच असं नाही, काही गाड्यांना कंपनीचा स्कॅनर लागतो. म्हणून एबीएसच्या गाडीवर नळीचं काम सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा हे काम खरोखर येणाऱ्याकडेच करा. आणि शक्य असेल तर नळी बदलावीच लागणार नाही एवढ्या उंचीचा रायझर निवडा. माझा कल कायम तिकडेच असतो.

बोल्ट कसले हवेत?

किटमध्ये आलेले असतील तर डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ किंवा १०.९ हवा. काहीच आकडा नसेल तर ते फेकून द्या आणि चांगल्या हार्डवेअरच्या दुकानातून ग्रेड सांगून आणा. चमकतात म्हणून स्टेनलेसचे शोभेचे बोल्ट इथे लावू नका.

लांबीचा हिशेब सोपा आहे: मूळ बोल्ट अधिक रायझरची उंची. आठ मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये किमान १२ मिलिमीटर आत फिरला पाहिजे. चार आटे पकडले म्हणजे झालं, असं नाही. उलट बोल्ट जास्त लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो आणि हँडल मात्र सैलच राहतं. ही चूक नजरेला दिसत नाही, म्हणून बसवण्याआधी बोल्ट हाताने फिरवून किती आत जातो ते मोजून ठेवा.

वागळे इस्टेटला किंवा रबाळ्याला लेथवर बनवून घेतला तर?

आपल्याकडे उत्तम हात असलेले कारागीर आहेत, यात शंका नाही. ठाण्याची अर्धी ओळखच त्या गाळ्यांमुळे होती. पण कारागिराला माप आणि धातू तुम्ही सांगायचा असतो. ६०६१-टी६ ग्रेडचं ॲल्युमिनियम मागा. ओतीव ॲल्युमिनियमचा भंगारातला तुकडा चालणार नाही, तो दणक्याने तडकतो. दोन्ही ठोकळे एकाच सेटिंगमध्ये, एकाच उंचीचे कापलेले हवेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हँडलला पीळ देतो. खालचा आणि वरचा पृष्ठभाग समांतर, कडा गोल केलेल्या, भोक बोल्टला नेमकं. मूळ क्लँपच्या खाली प्लेटवर बसणारा गोल उंचवटा असेल तर तसाच उंचवटा आणि खाच नव्या तुकड्यालाही हवी, नाहीतर सगळा भार एकट्या बोल्टवर येतो.

एवढं समजून करणारा भेटला तर करा. नाहीतर तुमच्या मॉडेलसाठी बनलेला तयार घ्या.

घरी बसवता येईल का?

हँडलला हात लावण्याची भीती नसेल आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) हाताशी असेल, तर येईल. रविवारची सकाळ मोकळी ठेवा.

टाकीवर जाड गोधडी घाला. हँडलची सध्याची जागा मास्किंग टेपवर खूण करून ठेवा, लिव्हरचीही. ज्या वायरींचे चिमटे सोडणार त्यांचे मोबाइलवर फोटो काढा. मग वरचे चार बोल्ट काढा, क्लँपच्या टोप्या बाजूला ठेवा. टोपीवर बाण किंवा ठिपका असेल तर तो कुठल्या दिशेला होता ते लक्षात ठेवा. हँडल उचलून मागे टाकीवर ठेवताना ब्रेकच्या ऑइलचा डबा सरळच राहिला पाहिजे. तो उलटा झाला तर नळीत हवा जाते आणि अर्ध्या तासाचं काम दिवसाचं होतं. हँडल वायरींवर लोंबकळू देऊ नका.

खालचे क्लँप काही गाड्यांत वरून बोल्टने, काहींत प्लेटच्या खालून नटने धरलेले असतात. काहींत मधे रबराचे बुश असतात. ते दबलेले किंवा फाटलेले दिसले तर आत्ताच बदला, कारण वर ठोकळा आला की त्यांच्यावरचा पीळ वाढतो आणि हँडल डुलायला लागतं. जागा कापडाने कोरडी पुसा. रायझर बसवा, बोल्ट आधी हातानेच फिरवा, हँडल ठेवा, टोप्या लावा. आता वर सांगितलेली वायरींची तपासणी. ती झाल्याशिवाय पान्याला हात नाही.

किती घट्ट करायचे?

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. आठ मिलिमीटरच्या बोल्टला तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १०. टोपीवर खूण असलेल्या अनेक गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण बसवतात आणि फट मागे ठेवतात, बाकीच्यांत दोन्हीकडे सारखी फट. थोडं इकडे, थोडं तिकडे असं करत घट्ट करा. एकच बोल्ट एका दमात आवळू नका. आट्यांना निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावा. लाल नको, ते पुन्हा उघडताना घाम काढतं.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा टॉर्क तपासा. आपल्या रस्त्यांवर ही तपासणी टाळण्यासारखी नाही.

दोन रायझर एकावर एक?

नाही.

गाडीच्या चालण्यात फरक पडतो का?

फोर्कचा कोन तोच राहतो, त्यामुळे गाडीची मूळ भूमिती बदलत नाही. पण तुमचं वजन थोडं मागे सरकतं आणि पुढचं चाक हलकं वाटतं. गर्दीत हे बरं वाटतं, हँडल हलकं लागतं. मागे सामान आणि माणूस दोन्ही असताना सायन-पनवेल मार्गावर वेग घेतला तर पुढचा भाग किंचित तरंगल्यासारखा वाटू शकतो. सामान शक्य तितकं पुढे आणि खाली ठेवा. मुरबाडमार्गे माळशेजला जाण्याचा बेत असेल तर आधी चार दिवस रोजच्या रस्त्यावर चालवून सवय करा.

उभं राहून कच्च्या रस्त्यावर चालवणाऱ्यांना, विशेषतः हिमालयनसारख्या गाडीवरच्या उंच चालकांना, फरक सर्वांत जास्त जाणवतो. उभं राहिल्यावर कमरेत वाकावं लागत नाही.

हातांना मुंग्या येतात, त्याचं काय?

कुठल्या बोटांना ते पाहा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवरून जाणाऱ्या नसेवर दाब येतोय. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येत असतील तर मनगटाच्या मधल्या नसेवर. भारामुळे असेल तर रायझरने फरक पडतो. इंजिनाच्या कंपनामुळे असेल तर हँडलच्या टोकांची वजनं आणि जाड, मऊ ग्रिप यांचा उपयोग जास्त होतो. आणि मूठ इतकी आवळून धरू नका. गाडी उतरल्यावरही मुंग्या राहत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

दिवसभर डिलिव्हरी करतो. माझ्यासाठी वेगळं काही?

तुम्ही दिवसात जितक्या वेळा पूर्ण वळण घेता तितकं कुणीच घेत नाही. गल्ल्या, सोसायट्यांची फाटकं, बेसमेंटचे उतार. त्यामुळे वायरिंगची झीज तुमच्याकडे सर्वांत लवकर होते. उंची २० ते २५ मिलिमीटरच्या वर नेऊ नका आणि दर सर्व्हिसला हेडलाइटमागची वायर उघडून बघायला सांगा. पाठीवरची बॅग असेल तर तिचं वजन सीटवर टेकतंय ना, हेही पाहा. खांद्याला लटकलेल्या बॅगेचा ताण कुठलाही रायझर काढू शकत नाही.

पोलिसांनी किंवा आरटीओने पकडलं तर? कायद्यात चालतं का?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, ज्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. आरसी बुकात हँडलच्या उंचीचा रकाना नसतो हे खरं. पण त्यावरून रायझर बिनधास्त चालतो असं मी सांगणार नाही.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे गाडीच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी ॲक्सेसरी म्हणून दिलेला रायझर, बिलासकट. काही कंपन्या तो देतात. तुमच्या गाडीसाठी नसेल तर गाडी एमएच ०४ ची असो वा एमएच ४३ ची, आपल्या आरटीओत विचारून लेखी उत्तर घ्या. विमा कंपनीलाही बदल कळवा आणि पॉलिसीवर नोंदवून घ्या. वॉरंटीत असलेल्या गाडीचं वायरिंग कापून जोडलं तर त्या भागाच्या तक्रारीवर हात वर केले जातील, म्हणून काहीही कापू नका.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

खाडीकाठची हवा आणि चार महिने पाऊस. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यात पाणी राहिलं की पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आत जाम होतो. थ्रेडलॉकर इथे दुहेरी काम करतं, ओलही आत जाऊ देत नाही. बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत पाणी साचतं, तिथे ग्रीसचा ठिपका ठेवा. आट्यांवर मात्र नको.

वायरीचा मार्ग बदलला असेल तर तिचं रबरी टोपण वरच्या टोकाला नीट बसलंय का पाहा. नाहीतर पाणी सरळ आत उतरतं आणि ऑगस्टपर्यंत क्लच दगडासारखा होतो. एखाद्या मोठ्या खड्ड्यात गाडी आपटली, आणि घोडबंदरला ते रोजचं आहे, तर त्या संध्याकाळी हँडल सरळ आहे का आणि क्लँपमध्ये फिरलंय का, ते टेपच्या खुणेवरून तपासा.

मेकॅनिककडून बसवून घेतलं. घेताना काय पाहू?

त्याच्यासमोरच हँडल दोन्ही टोकांना फिरवा. गाडी चालू करून आवाज ऐका. पुढचा ब्रेक दाबून धरा, लिव्हर स्पंजासारखा लागता कामा नये. किल्ली लावा, हँडल लॉक करून पाहा, कारण काही रायझरला किल्लीचा जुडगा अडतो. हँडगार्ड किंवा ब्रेकचा डबा पुढच्या काचेला लागतोय का ते बघा. आरसे पुन्हा जुळवा, वर गेल्यावर त्यांत आकाशच दिसतं. मोबाइलचा होल्डर परत लावताना तो नळीवर टेकू देऊ नका. टॉर्क रेंचने आवळले का, हे विचारायला संकोच नको. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही.

पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, सावकाश, दोन्हीकडे आठचा आकडा काढत. मग रस्त्यावर.

काढलेले मूळ क्लँप आणि बोल्ट टाकून देऊ का?

ठेवा. एका पिशवीत घालून, वर गाडीचं नाव आणि तारीख लिहून, सगळे बोल्ट, वॉशर आणि चिमटे एकत्र. गाडी विकताना घेणाऱ्याला मूळ स्थिती हवी असू शकते, विम्याच्या पाहणीत विचारलं जाऊ शकतं. आणि महिनाभर चालवून तुम्हालाच जुनी उंची बरी वाटली, तर त्याच बोल्टांनी हँडल पुन्हा खाली येईल, फक्त थ्रेडलॉकर नव्याने लावा आणि वायरींचे चिमटे फोटो बघून मूळ जागी बसवा.